दोन आसनी मोटारीतील बालप्रवासी सुरक्षा व एअरबॅग

ज्या मोटारीत चालक आणि त्याच्या शेजारचा एक प्रवासी एवढीच आसने असतात, तिला दोन आसनी मोटार म्हणतात. लहान मुलांना मागील आसनावर बसवावे, हा मोटारप्रवासातील सर्वमान्य नियम अशा वाहनात पाळता येत नाही. त्यामुळे मूल अपरिहार्यपणे एअरबॅगच्या समोर येते. प्रौढ प्रवाशाचा जीव वाचवणारे हे साधन लहान मुलाला प्राणघातक ठरू शकते. म्हणून बालप्रवासी सुरक्षेत या वाहनांचा विचार स्वतंत्रपणे केला जातो.

कार्यपद्धती

एअरबॅग म्हणजे सुकाणूचक्रात अथवा डॅशबोर्डमध्ये घडी घालून ठेवलेली कापडी पिशवी होय. मोटारीची जोरदार धडक झाली की संवेदक गतीतील आकस्मिक घट ओळखतो, रासायनिक प्रक्रियेने वायू निर्माण होतो आणि पिशवी फुगते. ही सर्व क्रिया सेकंदाच्या सुमारे विसाव्या भागात, म्हणजे पापणी लवण्यापूर्वीच पूर्ण होते. त्यासाठी पिशवी ताशी २०० किलोमीटरहून अधिक वेगाने बाहेर पडते. पूर्ण फुगल्यानंतर ती प्रवाशाला झेलते आणि लगेच रिकामी होऊ लागते.

एअरबॅग ही सीटबेल्टला पूरक व्यवस्था आहे, पर्याय नव्हे. बेल्टने शरीर आसनाला धरून ठेवावे आणि पुढे झुकणारे डोके व छाती फुगलेल्या पिशवीने सावरावी, अशी ही योजना आहे. बेल्ट न लावलेला प्रवासी पिशवी फुगत असतानाच तिच्यावर जाऊन आदळतो. आधार मिळण्याऐवजी त्याला तिचा तडाखा बसतो.

लहान मुलांना असणारा धोका

पुढील एअरबॅगची रचना प्रौढ शरीराची उंची व वजन गृहीत धरून केलेली असते. प्रौढाच्या छातीशी येणारी पिशवी लहान मुलाच्या चेहऱ्याशी व मानेशी येते. मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड असते आणि मानेचे स्नायू व अस्थिबंध कोवळे असतात. त्यामुळे बाहेरून मोठी जखम न दिसताही मानेला, मेंदूला किंवा छातीतील अवयवांना गंभीर इजा होऊ शकते.

तान्ह्या बाळासाठी मागे तोंड असलेले बालआसन सर्वांत सुरक्षित मानले जाते, कारण धडकेचा भार डोके, मान व पाठ यांवर सारखा विभागला जातो. मात्र हेच आसन चालू एअरबॅगसमोर ठेवल्यास सर्वाधिक धोक्याचे ठरते. बाळाचे डोके डॅशबोर्डच्या अगदी जवळ येते आणि उघडणारी पिशवी आसनाच्या पाठीवर थेट आघात करते. सूर्यझडपेवर बालआसनावर फुली मारलेले चित्र असते, ते याच धोक्याची सूचना देते.

मुलाला मांडीवर घेऊन बसणे हा आपल्याकडील जुना प्रघात आहे. पण त्यातील सुरक्षिततेची भावना फसवी आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाने धडक बसणे हे साधारण १० मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडण्यासारखे असते. मोटार अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबली, तर १० किलो वजनाच्या बाळाला धरून ठेवण्यासाठी सुमारे २०० किलो वजन पेलण्याइतका जोर लागतो. कोणत्याही आईवडिलांच्या हातांत तो नसतो. शिवाय मांडीवरचे मूल प्रौढाचे शरीर आणि फुगणारी पिशवी यांच्या मध्ये सापडते.

भारतातील घटना

सप्टेंबर २०२४ मध्ये केरळमधील मलप्पुरम जिल्ह्यात आईच्या मांडीवर, पुढील आसनावर बसलेल्या दोन वर्षांच्या मुलीचा अपघातात एअरबॅग उघडल्यानंतर मृत्यू झाला. डिसेंबर २०२४ मध्ये नवी मुंबईतील वाशी येथे पुढे धावणारी मोटार दुभाजकावर आदळून उडाली आणि मागून येणाऱ्या मोटारीच्या बॉनेटवर पडली. मागच्या मोटारीतील एअरबॅग उघडल्या आणि पुढे बसलेला सहा वर्षांचा मुलगा दगावला. त्याच मोटारीतील इतर प्रवासी वाचले. या दोन्ही मोटारींना मागील आसने होती. दोन आसनी वाहनात तो पर्यायच नसतो.

केवळ मागे बसणे मात्र पुरेसे नसते. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यातील चारोटीजवळ झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. ते मागील आसनावर होते व त्यांनी बेल्ट लावलेला नव्हता.

कायदेशीर तरतुदी

मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार कलम १९४ ब अन्वये १४ वर्षांखालील मुलाला सीटबेल्ट अथवा बालसंरक्षक आसनाविना नेल्यास १,००० रुपये दंड होतो. मूल पुढे बसवावे की मागे, याचा उल्लेख या कलमात नाही. प्रवासी मोटारींत चालकाच्या बाजूची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून अनिवार्य झाली. शेजारच्या प्रवाशासाठी ती नव्या प्रारूपांत १ एप्रिल २०२१ पासून, तर आधीच्या प्रारूपांत १ जानेवारी २०२२ पासून आवश्यक ठरली. परिणामी अलीकडच्या प्रत्येक मोटारीत चालकाशेजारी बसणारे मूल एअरबॅगसमोर असते. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या ‘भारत एनकॅप’ मूल्यांकनात बालप्रवासी संरक्षणाचे गुण स्वतंत्रपणे दिले जातात.

अमेरिकेत १९९० च्या दशकात एअरबॅगमुळे बालमृत्यू घडल्यानंतर, मागील आसन नसलेल्या वाहनांत प्रवाशाकडील एअरबॅग बंद करणारी कळ बसवण्यास १९९५ मध्ये परवानगी देण्यात आली. युरोपीय संघाच्या २००३ च्या निर्देशानुसार चालू एअरबॅगसमोर मागे तोंड असलेले बालआसन ठेवण्यास मनाई आहे.

मालवाहू वाहने

महाराष्ट्रात दोन आसनी क्रीडा मोटारी विरळाच दिसतात. दोन आसनी छोटी मालवाहू वाहने मात्र सर्वत्र आढळतात. २००५ मध्ये बाजारात आलेले आणि ‘छोटा हत्ती’ या नावाने लोकप्रिय झालेले टाटा एस हे त्यांपैकी प्रमुख होय. छत्रपती संभाजीनगरातील शहागंजसारख्या जुन्या बाजारपेठेत भाजीपाला व किराणा वाहणाऱ्या अशा गाड्यांतून कुटुंबातील मुलेही प्रवास करतात. बाजारातील गर्दीत वेग कमी असल्याने बेल्ट अनावश्यक वाटतो. परंतु हीच वाहने शहराबाहेर महामार्गावर वेगाने धावतात. वर उल्लेखिलेली एअरबॅगची सक्ती प्रवासी मोटारींपुरती आहे, त्यामुळे अनेक मालवाहू वाहनांत एअरबॅग नसते. तेथे एअरबॅगचा धोका नसला, तरी दोघांच्या मध्ये बेल्टविना बसलेले मूल थेट काचेवर किंवा डॅशबोर्डवर आदळण्याचा धोका कायम राहतो.

घ्यावयाची काळजी

• मागील आसने असलेले दुसरे वाहन उपलब्ध असल्यास मुलांसाठी तेच वापरावे.
• तान्ह्या बाळाला मागे तोंड असलेल्या बालआसनातच न्यावे. प्रवाशाकडील एअरबॅग कळीने बंद करावी आणि ती बंद असल्याचा दिवा पाहूनच निघावे. कळ नसेल, तर अशा मोटारीतून बाळाला नेऊ नये.
• मोठ्या मुलासाठी वय व वजनानुरूप बालआसन वापरावे, मोटारीचे आसन शक्य तितके मागे सरकवावे आणि पट्टे घट्ट बांधावेत. या वयात एअरबॅग चालू ठेवावी की बंद, याबाबत वाहनाच्या व बालआसनाच्या पुस्तिकेतील सूचना पाळावी.
• मुलाला पुढे वाकू देऊ नये, डॅशबोर्डवर पाय ठेवू देऊ नयेत आणि एकाच बेल्टमध्ये दोघांना बांधू नये.
• बेल्टचा वरचा पट्टा मानेवरून न जाता खांद्यावरून आणि खालचा पट्टा पोटावरून न जाता कमरेच्या हाडावरून जाईल इतकी उंची होईपर्यंत, म्हणजे साधारण १३५ ते १५० सेंटिमीटरपर्यंत, उंची वाढवणारे बालआसन वापरावे.
• त्या जागी प्रौढ प्रवासी बसताना एअरबॅग आठवणीने पुन्हा चालू करावी.
• फ्यूज काढून किंवा तारा तोडून एअरबॅग निकामी करू नये. त्यामुळे संपूर्ण सुरक्षा यंत्रणा बिघडू शकते.

हे सुद्धा पाहा

• सीटबेल्ट
• भारत एनकॅप
• मोटार वाहन कायदा, १९८८