रजेच्या अर्जावर न लिहिला जाणारा आजार

कचेरीत किंवा शाळेत दीर्घ रजेवरून परतलेल्या माणसाचे वैद्यकीय प्रमाणपत्र पाहिले, तर त्यावर कावीळ, विषमज्वर, मणक्याचे दुखणे, क्वचित रक्तदाब असे काही तरी लिहिलेले असते. यांपैकी बहुतेक प्रमाणपत्रे खरीच असतात. परंतु काहींमागची कावीळ ही कावीळ नसते. तो माणूस दोन-तीन महिने घरातल्या एका खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून होता, पहाटे तीनला जागा होऊन उजाडण्याची धास्ती घेत होता, दाढी आणि आंघोळ ही कामेही त्याला डोंगराएवढी वाटत होती, हे त्याच्या पत्नीला ठाऊक असते, नेहमीच्या डॉक्टरांना ठाऊक असते आणि बहुधा शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्यालाही ठाऊक असते. कागदावर मात्र कावीळ राहते. रुग्ण, डॉक्टर आणि कचेरी अशा तिघांनी परस्परांशी चकार शब्द न बोलता सांभाळलेले हे असत्य आहे, आणि ते सांभाळण्यात कोणाचाही दुष्ट हेतू नसतो.

लपविण्याला कारणे आहेत, आणि ती सगळीच भ्रामक नाहीत, हे प्रथम मान्य केले पाहिजे. महाराष्ट्रात ठाणे आणि येरवडा ही नुसती गावांची नावे राहिलेली नाहीत. 'याला ठाण्याला पाठवायला हवे' असे म्हटले की पुढचे स्पष्टीकरण लागत नाही. १९०१ साली स्थापन झालेल्या ठाण्याच्या मनोरुग्णालयाने आजवर किती रुग्णांना बरे करून घरी पाठविले, हा विचार ते वाक्य उच्चारणाऱ्याच्या मनात कधी येत नाही. त्यात भर म्हणजे घरात लग्नाची मुलगी असते. 'त्यांच्या घरात वेड आहे' एवढी कुजबुज सोयरीक मोडण्यास पुरेशी होते. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही विशिष्ट स्वरूपाच्या मनोविकाराला विवाहाच्या अटींत आणि घटस्फोटाच्या कारणांत स्थान दिले आहे. कायद्याची भाषा गंभीर आणि संसाराला असमर्थ करणाऱ्या विकारांपुरती आहे. परंतु कुजबुज कायद्याची कलमे वाचत नाही. तेव्हा बाप आपले दुखणे कावीळ म्हणून खपवितो, ते काही केवळ अज्ञानापोटी नव्हे.

मात्र या लपवाछपवीची किंमत मोजावी लागते ती वेळेच्या रूपाने. खिन्नतेचा विकार, ज्याला आता सर्रास नैराश्य म्हटले जाते, तो आपल्याकडे बहुधा मनाची तक्रार घेऊन येतच नाही. तो डोकेदुखी, पित्त, छातीतील जडपणा, पाठीतील कळ किंवा 'अंगात त्राण नाही' अशा वेषांत येतो. रक्त तपासले जाते, पोटाची सोनोग्राफी होते, हृदयाचा आलेख काढला जातो, आणि 'काही नाही, सर्व नॉर्मल आहे' हे शब्द ऐकून घरचे आनंदतात. रुग्णाला मात्र त्या शब्दांनी आणखी एकाकी केलेले असते; कारण त्याचे दुखणे आता अधिकृतरीत्या 'काही नाही' ठरलेले असते. बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्या राज्यांत महाराष्ट्र नव्हता. पण म्हणून त्यातील आकडे इथल्या वाचकाला परके वाटण्याचे कारण नाही. दर शंभर प्रौढांत सुमारे दहा-अकरा जणांना पाहणीच्या वेळी उपचार घ्यावा असा काही ना काही मनोविकार होता, आणि नैराश्याच्या रुग्णांपैकी सुमारे ८५ टक्के उपचारापर्यंत पोहोचलेच नव्हते.

ते पोहोचत नाहीत याचे एक कारण म्हणजे मनोविकारतज्ज्ञांची वाण. देशात लाख लोकांमागे धड एक तज्ज्ञ नाही, आणि जे आहेत ते शहरांत आहेत. परंतु दुसरे कारण प्रत्येक घरात आहे, आणि ते म्हणजे 'मन घट्ट कर' हा उपदेश. समर्थांनी मनाला उद्देशून २०५ श्लोक रचले. ते बालपणी पाठ केलेल्या समाजाला मन ही समजावण्याची, दटावण्याची, ताळ्यावर आणण्याची वस्तू वाटावी, हे साहजिकच आहे. निरोगी मनाला ती शिकवण उपकारकही आहे. परंतु मोडलेल्या पायाला व्यायामाचे महत्त्व सांगून तो चालू लागत नाही. नैराश्यात बिघडते ते नेमके ज्याने मन घट्ट करावयाचे तेच. रुग्णाला उपदेश कळतो, पटतोही; तो पाळता येत नाही, आणि पाळता येत नाही म्हणून तो स्वतःला अपराधी मानू लागतो. सदिच्छेने दिलेला सल्ला अशा रीतीने आजारात भर घालतो.

याची दुसरी बाजू अलीकडच्या काळातील आहे. सामना हरला, बदली लांबली, मोबाईल बिघडला की 'डिप्रेशन आले' असे म्हणण्याची रीत पडली आहे. शब्द इतका स्वस्त झाला म्हणजे खऱ्या रुग्णाच्या तोंडून तो आला तरी ऐकणाऱ्याला त्याचे गांभीर्य वाटत नाही. म्हणून दुःख आणि आजार यांतील सीमारेषा सामान्य माणसालाही थोडीफार ओळखता आली पाहिजे. दुःखाला कारण असते आणि ते लाटांनी येते. आई वारल्यावर रडणारा माणूस तिची एखादी गंमत आठवून मध्येच हसतो. दहाव्या-बाराव्या दिवसानंतर त्याला भुकेची जाणीव होऊ लागते. नैराश्यात लाट ओसरत नाही. मुलाला नोकरी लागल्याची बातमीही आतपर्यंत पोहोचत नाही. मनाची मरगळ किंवा कशातच रस न वाटणे निदान दोन आठवडे, जवळजवळ रोज आणि दिवसाचा बराचसा वेळ टिकून राहिले, त्याबरोबर झोप, भूक आणि एकाग्रता बिघडली, आपण निरुपयोगी आहोत अशी खात्री वाटू लागली, मरणाचे विचार येऊ लागले, तर ते दुःख म्हणून सोडून देण्यासारखे नसते. कारकुनाला एकच टिपणी चार वेळा वाचून अर्थबोध होत नाही. शिक्षकाच्या गुणपत्रकातील बेरजा, ज्या वीस वर्षांत कधी चुकल्या नाहीत, त्या चुकू लागतात. वरिष्ठ त्याला आळशी म्हणतात.

दुःखावर औषध नाही आणि ते असण्याची गरजही नाही. दुःखाला ऐकणारा माणूस लागतो. अर्जुनाचा विषाद सर्वांना ठाऊक आहे. पण एक बारीक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी श्रीकृष्णानेही प्रथम दुबळेपणा झटकून उभे राहण्याचाच उपदेश केला. तेवढ्याने काम भागले नाही. अर्जुन लढणार नाही म्हणून गप्प बसला, आणि पुढचा प्रदीर्घ संवाद घडला तो त्यानंतर. घरातल्या वडीलधाऱ्यांचा उपदेश बहुधा त्या पहिल्या वाक्यापाशीच संपतो.

दुःख, चिंता आणि संताप या रोजच्या भावनांशी व्यवहार कसा करावा, याचे एक पद्धतशीर उत्तर अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडले, आणि कि. मो. फडके यांनी ते मराठी वाचकांच्या परिचयाचे केले. घटना माणसाला थेट अस्वस्थ करीत नाही. घटनेविषयी त्याने मनाशी धरलेला हट्ट त्याला अस्वस्थ करतो, असे या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचे सूत्र आहे. मराठी भाषेत हा हट्ट एका अक्षरात मावतो. 'मला पहिला वर्ग मिळावा' ही इच्छा झाली. 'मला पहिला वर्ग मिळालाच पाहिजे' यातील 'च' हा हट्ट झाला. इच्छा फसली तर माणूस खंतावतो आणि पुन्हा अभ्यासाला लागतो. हट्ट फसला तर जगणेच निरर्थक वाटू लागते. हा 'च' ओळखून त्याला प्रश्न विचारण्याची सवय विद्यार्थ्याला लावता येते, आणि त्यासाठी तो आजारी पडेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. मात्र हेही साधन आहे. पहाटे तीनच्या अंधारात आठवडेच्या आठवडे बुडालेल्या माणसाच्या हाती ते एकटे देऊन भागत नाही.

त्याला बहुधा औषधही लागते, आणि औषधांविषयीचा गैरसमज तर कमालीचा उलटा आहे. नैराश्यावर आज सामान्यतः दिल्या जाणाऱ्या गोळ्यांची नशा चढत नाही वा त्यांची चटक लागत नाही. पण त्यांचा गुण दिसण्यास दोन ते चार आठवडे, कधी अधिकही लागतात. मळमळ, अस्वस्थता यांसारखे त्रास मात्र पहिल्या आठवड्यातच होतात. म्हणजे तोटा रोख आणि लाभ उधार. दहाव्या दिवशी रुग्ण गोळ्या फेकून देतो आणि 'मानसिक औषधांनी त्रासच होतो' हे मत गावभर पसरते. जो टिकून राहतो त्याला बरे वाटू लागते, आणि बरे वाटताच तोही औषध सोडतो. वस्तुतः बरे वाटू लागल्यानंतरही निदान सहा महिने ते चालू ठेवावे लागते आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावे लागते. याउलट झोपेच्या ज्या गोळ्यांची सवय खरोखरच जडते, त्या जुन्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षे आणून घेण्यात कोणालाच काही गैर वाटत नाही.

एका विषयावर तर कुटुंबे पूर्ण मौन पाळतात. २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली; त्यांत २२,७४६ महाराष्ट्रातील होत्या, आणि ही संख्या सर्व राज्यांत सर्वाधिक होती. देशभरातील विद्यार्थ्यांचा आकडा १३,०४४ होता. खिन्न माणसाला 'जीव नकोसा वाटतो का?' असे विचारले तर तो विचार त्याच्या डोक्यात शिरेल, ही भीती सार्वत्रिक आहे आणि ती चुकीची आहे. शांतपणे विचारलेल्या प्रश्नाने विचार पेरला जात नाही; उलट तो एकट्याने वाहण्याचे ओझे हलके होते. उत्तर होकारार्थी आले, तर त्या माणसाला एकटे न सोडता त्याच दिवशी डॉक्टरकडे नेले पाहिजे. रात्रीची वेळ असेल, तर ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेल्या शासनाच्या 'टेली मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास आणि विनामूल्य आहे, आणि तेथे मराठीत बोलता येते. पूर्वी अशा प्रयत्नातून वाचलेल्या माणसाच्या खाटेशी १८६० च्या दंड संहितेतील ३०९ वे कलम घेऊन पोलीस उभे राहत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने असा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरून त्याला शिक्षेपासून संरक्षण दिले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत ते कलम त्या रूपात राहिलेले नाही.

कायदा या बाबतीत कचेरीच्याही पुढे गेला आहे. रुग्णाच्या मानसिक आजाराची माहिती गोपनीय राखली जाण्याचा हक्क २०१७ च्या कायद्याने दिला, आणि विमा कंपन्यांनी शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांनाही संरक्षण द्यावे असे बंधन घातले. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात दिव्यांगत्वाच्या यादीत मानसिक आजाराचाही समावेश आहे. सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला शासकीय आस्थापनेने कमी करू नये वा पदावनत करू नये. पूर्वीचे काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे, आणि तेही नसेल तर अधिसंख्य पदावर ठेवावे, असे त्या कायद्याचे २० वे कलम सांगते. केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२१ रोजी त्याच्यावरील शिस्तभंगाची कारवाई रद्द ठरविली. त्याला मंत्रचळ आणि नैराश्य हे विकार होते, आणि अशा आजारातून घडलेल्या वर्तनाबद्दल चौकशी सुरू करणे हाही भेदभावाचाच प्रकार ठरतो, असे न्यायालयाने म्हटले. किती कचेऱ्यांच्या आस्थापना शाखेत हा निकाल वाचला गेला असेल, याची कल्पना करणे कठीण नाही.

कारण कायद्याचा अंमल शेवटी आस्थापना लिपिकाच्या टेबलावर आणि शाळेच्या शिक्षक-खोलीत व्हावयाचा असतो. विषमज्वरातून उठलेल्या सहकाऱ्याला 'आता बरे आहे ना? जपा हं,' असे चारजण विचारतात, त्याच्या डब्यात मऊ भात आहे की नाही याचीही चौकशी होते. दुसऱ्या आजारातून उठलेला माणूस खोलीत शिरताच बोलणे थांबते. त्याच्याकडून तिजोरीची किल्ली न बोलता काढून घेतली जाते, दहावीचा वर्ग दुसऱ्याकडे दिला जातो, आणि दोन महिन्यांच्या साचलेल्या फायली मात्र त्याच्याच टेबलावर ठेवलेल्या असतात. वास्तविक उलट करावयास हवे. फायलींपैकी निम्म्या महिनाभर दुसऱ्यांनी वाटून घ्याव्यात, पंधरवड्यातून एकदा जिल्हा रुग्णालयात जाण्यासाठी अर्ध्या दिवसाची सवलत द्यावी, आणि वर्ग व किल्ली त्याची त्याच्याकडेच राहू द्यावी. यासाठी नवा शासननिर्णय लागत नाही. मुख्याध्यापकाच्या किंवा मुख्य लिपिकाच्या अधिकारात हे सर्व आजही बसते. आपल्याकडील एखाद्याने रजेच्या अर्जावर आजाराचे खरे नाव लिहिले, तर तो कागद कोणाकोणाच्या हातून फिरेल आणि कोणाच्या कपाटात बंद राहील, एवढे त्यांनी अगोदर ठरवून ठेवले, तरी असा अर्ज लिहिण्याचे धैर्य पहिल्या कोणाला तरी होईल.