नेट स्लो आहे, पण नेमकं कुठं?

काष्टीत आज आपण घरातल्या छोट्या नेटवर्कबद्दल बोलणार आहोत. मुलाचा ऑनलाइन क्लास अडकला की आपण कंपनीला बोल लावतो आणि महागडा प्लॅन घेतो. पैसे जातात, क्लास मात्र अडकतोच. कारण इंटरनेट ही बाहेरून येणारी लाइन, आणि नेटवर्क म्हणजे घरातली जोडणी. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

दोष कुठं आहे ते आधी तपासू. लॅपटॉप केबलनं थेट राउटरला जोडायचा आणि स्पीड बघायचा. केबलवर चांगला, पण आतल्या खोलीत वायफायवर कमी, तर दोष घरातला. केबलवरही कमीच असेल, तर कंपनीला खुशाल फोन करा.

आता राउटर करतो काय? तो घरातल्या प्रत्येक मोबाईलला, टीव्हीला एक नंबर देतो, उदाहरणार्थ 192.168.1.5. हाच नंबर शेजारच्या घरातही असू शकतो. गोंधळ होत नाही का? नाही. घरोघरी एक आप्पा असतात. घरात 'आप्पा' म्हटलं की पुरतं, बाहेर पत्र पाठवायचं तर पूर्ण नाव-पत्ता लागतो. 192.168 नं सुरू होणारे नंबर असेच घरातल्या वापरासाठी राखून ठेवलेत. बाहेर सगळं घर एकाच पत्त्यानं ओळखलं जातं, आणि आलेलं उत्तर कुणाचं, ते राउटर लक्षात ठेवतो.

घरातल्या बहुतेक राउटरवर वायफायचे दोन पट्टे असतात. 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा लांब जातो, पण तिथं शेजाऱ्यांचीही गर्दी. आपल्या शनिवारच्या बाजारासारखं, सगळे एकदम बोलले तर कुणाचंच नीट ऐकू येत नाही. 5 गिगाहर्ट्झ वेगवान, पण भिंतीला लवकर थकतो. म्हणून राउटर घराच्या मधोमध, उंचावर ठेवा. लोखंडी कपाटामागं किंवा पत्र्याला चिकटून नको.

टीव्ही, कॉम्प्युटर जागचे हलत नाहीत, त्यांना केबलच द्या. कॅट-6 केबल 100 मीटरपर्यंत चालते. घ्यायची ती शुद्ध तांब्याची. विजेच्या वायरीबरोबर एकाच पाइपातून ओढू नका. गोठ्यातल्या कॅमेऱ्यापर्यंत उघड्यावरून न्यायची असेल तर फायबर बरी, कारण वळवाच्या पावसात वीज कडाडली की तांब्याच्या तारेतून झटका घरातल्या मशीनपर्यंत येऊ शकतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पासवर्ड दोन असतात: एक वायफायचा, दुसरा राउटरच्या सेटिंगचा. दुसरा आपण बहुतेक बदलतच नाही. कॅमेऱ्याचंही तेच. 2016 साली 'मिराय' नावाच्या घातक प्रोग्रॅमनं कारखान्यातून आलेले पासवर्ड वापरूनच जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. म्हणजे गोठ्याला कुलूप आणि किल्ली दारातच! दोन्ही बदला, आणि पाहुण्यांसाठी राउटरमधलं गेस्ट नेटवर्क वेगळं चालू करा.

शेवटी लाइटचं. लाइट गेली की राउटर बंद. बरेच राउटर 12 व्होल्टवर चालतात. त्यांना छोटा यूपीएस मिळतो. घेण्याआधी अडॅप्टरवरचा आकडा वाचा.

तर मंडळी, घरी गेल्यावर आधी केबल लावून बघा. प्लॅन बदलायचा की राउटरची जागा, ते त्यानंतर ठरवा.