दुकानचा जुना संगणक भंगारात घालण्यापूर्वी

मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीची नेहमीची सुरक्षा-सेवा बंद केली. त्या दिवशी संगणक काही बंद पडले नाहीत. पण प्रणालीत नवी फट सापडली तर ती कंपनीकडून बुजवली जाण्याची सोय संपली. नोंदणी करून किंवा पैसे भरून काही मुदतवाढ मिळते, पण ती मुदतवाढच.

आपल्या सोलापुरात, चाटी गल्लीतील कापड दुकानांपासून अक्कलकोट रोड एमआयडीसीतील टॉवेल-चादरीच्या कारखान्यांपर्यंत, असे संगणक आजही रोज बिले काढत आहेत. यंत्र ठणठणीत आहे, पण विंडोज ११ त्यावर बसत नाही. त्या प्रणालीला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. २०१७ पूर्वी घेतलेले बहुतेक संगणक येथेच नापास होतात. विक्रेता म्हणतो, नवा घ्या. दुसरा कोणी चोरीची प्रत टाकून देतो. मापात सूतभर कमी न देणाऱ्या व्यापाऱ्याने दुसऱ्याचा माल चोरून वापरावा, हे आम्हाला पटत नाही. शिवाय अशा प्रतीतून काय घरात शिरेल याचा भरवसा नाही.

धोटा बदलायची वेळ आली म्हणून कोणी माग भंगारात विकत नाही. संगणकाचेही तसेच आहे. यंत्र तेच ठेवून प्रणाली बदलता येते. त्या प्रणालीचे नाव लिनक्स.

मोफत आणि मुक्त

अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये मुक्त प्रणालीचे काम जाहीर केले. फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये तिचा गाभा लिहिला. ही प्रणाली कोणीही वापरावी, तपासावी, बदलावी, दुसऱ्याला द्यावी, असा तिचा परवानाच आहे. पैसे लागत नाहीत हा त्यातील लहान फायदा. मोठा फायदा असा की तिची चावी कोणा एका कंपनीच्या हातात नाही.

हे काही हौशी लोकांचे खेळणे नव्हे. खिशातल्या अँड्रॉइड फोनचा गाभा लिनक्सच आहे. जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांची जी यादी निघते, त्यातील सर्व यंत्रे नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालतात. आपल्या सी-डॅक संस्थेने ‘बॉस’ नावाची भारतीय भाषांसाठीची लिनक्स प्रणाली काढली आहे. केरळातील सरकारी शाळांत मुले लिनक्सवरच संगणक शिकतात. शाळकरी मुलांना जमते ते पेढीवरच्या मुनिमाला का जमू नये?

आधी नमुना, मग सौदा

कापड घेताना आपण आधी नमुना पाहतो. लिनक्समध्येही ती सोय आहे. नवशिक्याला ‘लिनक्स मिंट’ बरी पडते, कारण तिचा पडदा विंडोजसारखा दिसतो. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात यादी. तिला २ जीबी मेमरी चालते, ४ असावी. साधारण ३ जीबीची फाइल उतरवून ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर विशेष प्रोग्रामने चढवावी. नुसती कॉपी करून चालत नाही. मग संगणक त्या पेन ड्राइव्हवरून सुरू करावा. हार्ड डिस्कला हात न लावता प्रणाली चालून दिसते. गती थोडी कमी असते, पण प्रिंटर, वायफाय, आवाज, बारकोडचे यंत्र सारे तपासता येते. बिलाचा प्रिंटर चालला नाही, तर तेथेच थांबावे. नुकसान शून्य.

काय चालते, काय नाही

जीएसटीचे संकेतस्थळ, ई-वे बिल, बँक, व्हॉट्सॲप वेब ही कामे फायरफॉक्स किंवा क्रोममधून होतात. एक्सेल-वर्डच्या जागी लिब्रे ऑफिस येते. ते जुन्या फाइली उघडते, मात्र मॅक्रो असलेले तक्ते एकेक करून तपासावे लागतात.

खरी अडचण हिशेबाची. टॅली ही विंडोजसाठी बनलेली आहे. ‘वाइन’ नावाच्या साधनाने ती लिनक्सवर चालवणारे आहेत, पण ज्यावर वर्षाचे विवरणपत्र भरायचे त्या वहीशी असा जुगार नको. जीएसटीचे ऑफलाइन साधनही विंडोजचेच आहे. प्रोप्रायटर आणि भागीदारी पेढ्यांना जीएसटीचे विवरणपत्र ओटीपीने दाखल करता येते. कंपनी व एलएलपींना डिजिटल सही लागते, आणि तिचा टोकन लिनक्सवर त्रास देऊ शकतो.

म्हणून आम्ही पेढीवर काम वाटून घेतले आहे. टॅलीसाठी एक नवा संगणक, अधिकृत विंडोजसह. काउंटरचा आणि पत्रव्यवहाराचा जुना संगणक लिनक्सवर. तीनांऐवजी एकाच यंत्राचा खर्च झाला.

मराठी आणि उर्दू

आमच्यासारख्यांना दोन लिप्या लागतात. लिनक्समध्ये मराठी इन्स्क्रिप्ट आणि उर्दूचा कळफलक सेटिंगमधून जोडता येतो, उजवीकडून डावीकडे लिहिणेही सरळ होते. नस्तालिकसाठी ‘नोटो नस्तालिक उर्दू’ हा मोफत फाँट आहे. अडचण जुन्या मजकुराची. श्री-लिपीतला मराठी मजकूर किंवा इनपेजमधला उर्दू मजकूर युनिकोडमध्ये नसेल, तर नव्या प्रणालीत तो नुसती अक्षरांची खिचडी दिसतो. विंडोज हाताशी आहे तोवर तो युनिकोडमध्ये बदलून घ्यावा.

क्रम चुकवू नये

पहिले, सर्व माहितीची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढावी आणि ती दुसऱ्या यंत्रावर उघडते का ते पाहावे. दुसरे, विंडोजमध्येच महिनाभर लिब्रे ऑफिस व फायरफॉक्स वापरावे. दोन्ही तेथेही मोफत मिळतात, त्यामुळे हात बसतो. तिसरे, पेन ड्राइव्हवर तपासणी. चौथे, ज्या यंत्रावर हिशेब नाही तेच आधी बदलावे, आणि तेही दिवाळी, ईद, लग्नसराईच्या गर्दीत नव्हे.

शिकण्यासाठी मुंबईच्या आयआयटीचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रम आहे. लिनक्स व लिब्रे ऑफिसचे छोटे पाठ त्यात मोफत मिळतात, अनेक पाठ मराठीतही आहेत. सी आणि डी ड्राइव्ह दिसत नाहीत, नवा प्रोग्राम टाकताना पासवर्ड मागितला जातो, अशा गोष्टींना सुरुवातीचे आठ दिवस मन बिचकते. नंतर सवय होते.

मशीन आपली, माल आपला, हिशेब आपला. मग ती मशीन कधी मोडीत काढायची, ती तारीखही शक्य तेवढी आपणच ठरवावी.