प्रसूतिपूर्व परिचर्या, ग्रामीण स्त्रियांची

प्रसूतिपूर्व परिचर्या, ग्रामीण स्त्रियांची : गर्भवती स्त्रीची प्रसूतीपर्यंत केली जाणारी नियमित तपासणी, उपचार व मार्गदर्शन यांस प्रसूतिपूर्व परिचर्या म्हणतात. वजन व रक्तदाब मोजणे, रक्तातील हीमोग्लोबिन व लघवीतील प्रथिन तपासणे, धनुर्वातप्रतिबंधक लस टोचणे, लोह व फॉलिक अम्लाच्या गोळ्या देणे ही तिची प्रमुख अंगे होत. एडिंबरो येथील जे. डब्ल्यू. बॅलंटाइन यांनी १९०१ मध्ये गर्भवतींसाठी रुग्णालयीन सोयीचा पुरस्कार केला. जागतिक आरोग्य संघटनेने पूर्वीच्या चार तपासण्यांऐवजी किमान आठ तपासण्यांची शिफारस २०१६ मध्ये केली.

भारतातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार किमान चार तपासण्या झालेल्या मातांचे प्रमाण ग्रामीण भागात २०१५-१६ मध्ये ४४·८ टक्के, तर २०१९–२१ मध्ये ५४·२ टक्के होते. शहरी भागात ते अनुक्रमे ६६·४ व ६८·१ टक्के होते. अंतर कमी झाले असले, तरी ग्रामीण भागातही सर्व स्त्रियांची स्थिती सारखी नाही. गरीब, अशिक्षित, आदिवासी व अनेक अपत्ये असलेल्या स्त्रिया सामान्यतः उशिरा व कमी वेळा तपासणीस येतात. गर्भारपणातील धोका मात्र त्यांनाच अधिक असतो.

या विषमतेचे कारण केवळ अज्ञान नव्हे. शासकीय तपासणी विनामूल्य असली, तरी प्रवासखर्च व बुडालेली मजुरी ही तिची किंमतच होय. रक्तदाबवाढ व पंडुरोग ही प्रारंभी फारशी जाणवत नाहीत. त्यामुळे त्रास नसताना रोज बुडविणे मजूर कुटुंबास परवडत नाही. कोठे जावे, याचा निर्णयही पुष्कळदा पती वा सासू घेते. मराठवाड्यातील ऊसतोड कामगारांत पतिपत्नीची जोडी ‘एक कोयता’ मानली जाते व उचल घेतलेल्या जोडीस कामावरील खाड्याबद्दल दंड भरावा लागतो. हंगामातील स्थलांतरामुळे गर्भवतीचा गावच्या उपकेंद्राशी संबंधही तुटतो. पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी जाण्याच्या प्रथेतही तपासणीच्या नोंदी सोबत नेल्या नाहीत, तर असाच खंड पडतो.

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान व जननी सुरक्षा योजना २००५ मध्ये सुरू झाल्यावर ‘आशा’ कार्यकर्तींमुळे गर्भवतींची नोंदणी वाढली. रुग्णालयीन प्रसूतींचे ग्रामीण प्रमाण २०१९–२१ मध्ये ८६·७ टक्क्यांवर गेले. तथापि त्याच पाहणीत लोहाच्या गोळ्या १८० दिवस घेतलेल्या ग्रामीण माता केवळ २२·७ टक्के, तर पंडुरोग असलेल्या ग्रामीण गर्भवती ५४·३ टक्के आढळल्या. प्रसूती रुग्णालयात झाली, तरी त्यापूर्वीच्या महिन्यांतील उणीव त्यामुळे भरून निघत नाही.

म्हणून भेटींची केवळ संख्या मोजणे पुरेसे नाही. पहिली तपासणी कोणत्या महिन्यात झाली, रक्तदाब व रक्त खरोखर तपासले गेले की नाही आणि दोष आढळल्यावर उपचार मिळाले की नाही, हे आर्थिक स्तरानुसार पाहावे लागते. वाडीवस्तीवर तसेच ऊसतोडीच्या तळावर जाऊन केलेली तपासणी, कोठेही ग्राह्य धरली जाणारी नोंद आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई हे उपाय त्या दृष्टीने आवश्यक ठरतात.