घासलेला टायर काय सांगतो, काय सांगत नाही

ट्रॅकवर मोटरसायकलचा टायर रस्त्यापेक्षा वेगळ्या जागी घासतो. रस्त्यावर गाडी बहुतेक वेळ सरळ चालते, त्यामुळे मागच्या टायरचा मधला पट्टा आधी सपाट होतो. मध्ये गोटा झालेल्या टायरच्या कडांवरची नक्षी कित्येकदा नवीकोरी असते. ट्रॅक डेला, म्हणजे हौशी स्वार आपली गाडी सर्किटवर चालवतात त्या दिवशी, याच्या उलट घडते. झिजतात त्या कडा, आणि त्याही सारख्या नाहीत. जर्मनीच्या साक्सनरिंग सर्किटवर 10 वळणे डावी आणि 3 उजवी आहेत. तिथे टायरची डावी बाजू भाजून निघते आणि उजवी गार पडते. लागोपाठच्या डाव्या वळणांनंतर येणाऱ्या उजव्या अकराव्या वळणावर भलेभले पडले आहेत ते यामुळेच.

रबराची पकड दोन गोष्टींतून येते. रबराचे रेणू डांबरातल्या खडीला क्षणभर चिकटतात, ही पहिली. दुसरी म्हणजे खडीच्या टोकांवर दबलेले रबर पूर्ववत व्हायला किंचित उशीर लावते आणि त्या उशिरात ऊर्जा खर्ची पडते. रबराचे संशोधक ग्रॉश यांनी 1963 मध्ये हे दोन्ही भाग वेगळे मोजून दाखवले. तापमान कमी करणे आणि घसरण्याचा वेग वाढवणे यांचा रबरावरचा परिणाम एकाच जातीचा असतो, हेही त्यातून स्पष्ट झाले. प्रत्येक रबराला पकडीसाठी तापमानाचा एक ठरावीक पट्टा का लागतो, याचे उत्तर इथे आहे.

झीज कशी होते हे मात्र आडोल्फ शालामाख यांनी उलगडले. ब्रिटनमधल्या रबर संशोधन संस्थेत काम करणाऱ्या या शास्त्रज्ञाचे नाव ट्रॅकवर कोणी घेत नाही, आणि टायर ‘वाचण्याचा’ धंदा तर सगळा त्यांच्याच विषयावर चालतो! 1952 च्या सुमारास त्यांनी रबरावरून नुसती सुई ओढून पाहिली. सुईच्या मागे रबर ताणले जात होते आणि ताण असह्य झाला की आडवी चीर पडत होती. सुई थोडी पुढे सरकली की पुन्हा तेच. खरखरीत पृष्ठभागावर अशा असंख्य सुया एकाच वेळी काम करतात. त्यातून घसरण्याच्या दिशेला आडव्या, एकामागोमाग एक अशा बारीक वरंब्यांची नक्षी उमटते. प्रत्येक वरंबा एका बाजूला झुकतो, त्याचे मूळ पातळ होत जाते आणि शेवटी तो तुटून निघतो. कागदावर खोडरबर जोरात घासल्यावर पडणाऱ्या वळ्या साधारण अशाच. झीज जितकी जबर तितकी नक्षी भरड, आणि घसरण्याची दिशा बदलली की जुनी नक्षी पुसली जाऊन नवी उमटते.

म्हणजे टायरवर दिसते ती ताजी हकिकत. रबर किती आणि कोणत्या दिशेने घसरले, एवढे ती प्रामाणिकपणे सांगते. पॅडॉकमधले जाणकार त्यापुढे जातात. खोल, कोरडे ओरखडे दिसले की टायर गार होता. गोळे, फोड आणि निळसर झाक असली की जास्त तापला. इथपर्यंत ठीक. पण एका ओरखड्यावरून ‘रिबाउंड दोन क्लिक बंद करा’ असा सस्पेन्शनचा सल्ला देणारा माणूस विज्ञान सोडून ज्योतिषात शिरलेला असतो. तीच खूण कमी हवेने, गार डांबराने किंवा वळणातून बाहेर पडताना थ्रॉटल घाईने उघडल्यानेही पडू शकते. शेवटच्या संथ फेरीत चाकाला चिकटलेले दुसऱ्यांच्या टायरचे रबर तर वाचणाऱ्याला हमखास फसवते.

म्हणून पहिली तपासणी हवेची. गाडी 25 अंशांना 30 पीएसआय भरून ट्रॅकवर गेली आणि आतली हवा 80 अंशांपर्यंत तापली, तर शाळेतल्या वायूच्या नियमानुसार दाब सुमारे 38 होतो. (वातावरणाचा 14.7 पीएसआय मिळवून आणि तापमान केल्विनमध्ये घेऊन गणित करावे.) दाब वाढला की जमिनीला टेकलेला भाग आक्रसतो. उलट हवा कमी असली तर टायर जास्त वाकतो आणि जास्त तापतो. ट्रॅकसाठी खरा आकडा गरम टायरचाच, गाडी पिटमध्ये थांबल्याथांबल्या मोजलेला. तो किती हवा, हे टायर बनवणाऱ्याकडून घ्यावे.

त्यानंतर सस्पेन्शन. त्याचा झिजेशी संबंध पुन्हा शालामाख यांच्यापाशीच नेतो. रबरावरचा भार दुप्पट केला तरी पकड दुप्पट होत नाही, हे त्यांनी मोजून दाखवले होते. चाकावर सतत 100 किलो भार राहिला तर मिळणारी सरासरी पकड, भार 50 आणि 150 च्या मध्ये उड्या मारत असताना मिळत नाही. जिथे पकड कमी पडते तिथे रबर घसरते आणि घसरले की झिजते. भार शक्य तितका स्थिर ठेवणे, हे शॉकअपचे काम.

सुरुवात सॅगपासून होते. फोर्कच्या नळीवर केबल टाय बांधून, स्वार पूर्ण पोशाखात बसल्यावर फोर्क किती दबला ते मोजतात. 120 मिलिमीटर प्रवासाच्या फोर्कला ट्रॅकसाठी 30 ते 35 मिलिमीटर ठीक. प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, फिरवून वाढवल्याने स्प्रिंग कडक होते, हा पक्का गैरसमज आहे. त्याने फक्त गाडीची बसण्याची उंची बदलते. स्वाराच्या वजनाला स्प्रिंगच मऊ पडत असेल तर ती बदलण्याला पर्याय नाही. रिबाउंडचे डॅम्पिंग, म्हणजे दबलेला शॉकअप परत उघडताना होणारा रोध, फार असले तर लागोपाठच्या उंचवट्यांवर चाक खाली यायच्या आत पुढचा धक्का येतो आणि शॉकअप दबलेलाच राहतो. फार कमी असले तर गाडी डुलते. भारतात ट्रॅक डेला येणाऱ्या लहान गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांना पुढे फिरवण्यासारखे काहीच नसते, मागे फक्त प्रीलोड असतो. त्यांच्या स्वारांना क्लिकची चर्चा ऐकून सोडून देता येते.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि प्रत्येक सत्रानंतरचा गरम दाब वहीत टिपावा. ट्रॅकसाठी हवा कमी केली असेल, तर घरी निघण्यापूर्वी गार टायरमध्ये ती पुन्हा कंपनीने सांगितलेल्या आकड्याइतकी भरून घ्यावी.