हवेवर चालणारा पाना

मोटारीचे चाक पंक्चर झाले म्हणजे आपण रस्त्याकडेच्या गॅरेजपाशी थांबतो. तेथील मुलगा पिस्तुलासारखे एक यंत्र नटावर टेकवितो, खटका दाबतो, कानठळ्या बसविणारा खडखडाट होतो आणि गाडीतल्या पान्यावर उभे राहूनही जो नट हलला नव्हता तो दोन-चार सेकंदांत मोकळा होतो. या यंत्राचे नाव ‘एअर इम्पॅक्ट रेंच’ असे असले तरी आपले कारागीर त्याला नुसते ‘गन’ म्हणतात. ही गन कशी निवडावी, याविषयी आज चार गोष्टी सांगावयाच्या आहेत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम नुकताच पुरा करून स्वतःचे गॅरेज थाटू पाहणारा तरुण हा माझ्या डोळ्यांपुढील मुख्य श्रोता आहे. परंतु ज्यांना या धंद्याशी कर्तव्य नाही त्यांनीही हे ऐकावयास हरकत नाही. प्रवास इंदुरात असो, बडोद्यात असो की बेळगावात, आपल्या गाडीचे चाक ज्या चार-पाच नटांच्या भरवशावर फिरते, ते बहुधा अशाच एखाद्या गनने आवळलेले असतात.

स्वयंरोजगाराच्या कर्ज-अर्जांसोबत येणारी अवजारांची दरपत्रके पाहण्याचा प्रसंग मला नोकरीच्या निमित्ताने वारंवार येतो. नव्या मेकॅनिकच्या दरपत्रकात एक गोष्ट हमखास आढळते. गन बाजारातील मोठ्यात मोठ्या आकड्याची असते, हवेचा कंप्रेसर लहानात लहान असतो आणि शेवटच्या आवळणीसाठी लागणाऱ्या टॉर्क रेंचचा तर उल्लेखही नसतो. मुद्रा योजनेत ‘शिशु’ गटाच्या कर्जाची मर्यादा ५० हजार रुपये आहे. एवढ्या भांडवलात ज्याला संसार मांडावयाचा आहे, त्याला हा क्रम परवडणारा नाही. गन ही आरंभी निवडावयाची वस्तू नव्हे. आधी काम पाहावे, मग हवा पाहावी आणि त्यानंतर गनकडे वळावे.

असे का म्हणावयाचे, हे समजण्यासाठी गनच्या पोटात काय चालते ते पाहू. खिळा अंगठ्याने कितीही दाबला तरी लाकडात शिरत नाही. हातोडीच्या दोन ठोक्यांनी तो सहज शिरतो. दाबण्याच्या जोरात आणि ठोक्याच्या जोरात जे अंतर आहे, त्यावरच हे यंत्र आधारलेले आहे. दाबाखालची हवा आत शिरली की पात्यांचे एक चक्र गरगर फिरू लागते. त्या चक्राला जोडलेला पोलादी हातोडा वेग घेतो आणि ज्या दांड्यावर सॉकेट, म्हणजे आपली गोटी, बसविलेली असते त्या दांड्यावर आदळतो. या दांड्याला लोहाराच्या ऐरणीचेच नाव आहे. हातोडा आदळतो, सुटतो, पुन्हा वेग घेतो आणि पुन्हा आदळतो. मिनिटाला हजाराच्या वर असे ठोके पडतात. नटावर जो जोर येतो तो हातोड्याने साठविलेल्या वेगाचा असतो, आणि म्हणूनच कारागिराच्या मनगटाला त्याच्या मानाने फारच थोडा झटका बसतो.

आता आकड्यांकडे वळू. पिळाच्या जोराला टॉर्क म्हणतात आणि तो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. ३० सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकावर ४० किलोचा भार टाकला, तर सुमारे ११८ न्यूटन-मीटर टॉर्क होतो. आपल्याकडील बहुतेक लहान मोटारींच्या चाकाचे नट ८५ ते १२० न्यूटन-मीटरपर्यंतच आवळावयाचे असतात. याउलट गनच्या खोक्यावर हजार-बाराशेचा आकडा दिमाखाने छापलेला असतो. पुष्कळदा हा आकडा उलट्या दिशेचा, म्हणजे नट सोडवितानाचा, कमाल जोर असतो. आवळण्याच्या दिशेचा आकडा निराळा असून तो लहान अक्षरांत कोठेतरी दिलेला असतो. विकत घेणाऱ्याने दोन्ही आकडे विचारावेत. शिवाय हे आकडे पुरेसा दाब आणि पुरेशी हवा मिळाली तरच खरे ठरतात.

मोठा जोर निरर्थक आहे, असे मात्र नव्हे. नट १०० न्यूटन-मीटरने आवळलेला असला तरी चार पावसाळे खाऊन गंजला की तो सोडविण्यास त्याच्या कितीतरी पट जोर लागतो. यास्तव मोटारींच्या गॅरेजला अर्धा इंची चौकोनाची गन योग्य होय. सहाशे-सातशे न्यूटन-मीटर जोर खरोखर देणारी अशी गन रोजच्या बहुतेक कामांना पुरते. तीन सुती गन इंजिनाभोवतीच्या लहान बोल्टांना आणि अडचणीच्या जागांना सोयीची असली, तरी ती मागाहून घेता येते. ट्रक आणि बस यांचे नट हा निराळाच मामला आहे. तेथे पाऊण इंची किंवा एक इंची गन लागते. ज्याच्या दारात ट्रक येणारच नाहीत त्याने ती घेऊन ठेवू नये.

खरा प्रश्न हवेचा आहे. अर्धा इंची गन बहुधा दर चौरस इंचास ९० पौंड दाबाला, म्हणजे सुमारे ६.२ बारला, चालावयाची असते. तिला हवा किती लागते, याचेही दोन आकडे असतात. मिनिटाला चार-पाच घनफूट हा सरासरीचा आकडा होय. गन मिनिटातून थोडेच सेकंद चालते, असे त्यात गृहीत धरलेले असते. खटका सतत दाबून ठेवला तर हीच गन मिनिटाला वीस-बावीस घनफूट हवा पिते. कंप्रेसर एका अश्वशक्तीमागे मिनिटाला साधारण तीन-चार घनफूट हवा देतो. तेव्हा उरलेली भूक टाकीतल्या साठ्यातून भागवावी लागते.

हा हिशेब कागदावर मांडून पाहण्यासारखा आहे. ५० लिटरची टाकी ८ बारपर्यंत भरली, तर दाब ६ बारवर उतरेपर्यंत तिच्यातून १०० लिटर, म्हणजे साडेतीन घनफूट, मोकळी हवा मिळते. गनला ती दहा सेकंदही पुरत नाही. दोन नट निघतात आणि तिसऱ्याला गन नुसती घरघरते. २०० लिटरची टाकी १० बारपर्यंत भरणारी असेल, तर त्याच हिशेबाने ८०० लिटर, म्हणजे सुमारे २८ घनफूट, हवा हाताशी असते आणि ती सव्वा मिनिट सतत पुरते. चारी चाके उतरविण्यास एवढे पुष्कळ झाले. गन तीच, नट तेच, फरक टाकीचा. म्हणून कंप्रेसर घेताना अश्वशक्तीच्या आकड्यावर थांबू नये. प्रत्यक्ष बाहेर पडणारी हवा किती, टाकी किती लिटरची आणि ती कोणत्या दाबापर्यंत भरते, हे तिन्ही विचारावे.

हवा तयार झाली तरी ती गनपर्यंत पोहोचली पाहिजे. पुष्कळ ठिकाणी कंप्रेसर उत्तम असतो, पण त्याला दोन सुती बारीक नळी जोडलेली असते. तीन सुती नळीचे आतले क्षेत्रफळ दोन सुतीच्या सव्वादोन पट असते. बारीक नळीतून वेगाने जाताना हवेचा दाब वाटेतच खर्च होतो. टाकीवरचा काटा नव्वद दाखवीत असताना गनच्या तोंडाशी साठदेखील नसतात. तेव्हा अर्धा इंची गनला आतून तीन सूत व्यासाची नळी असावी, ती गरजेपेक्षा लांब नसावी आणि दाब मोजावयाचा तो गनजवळ, खटका दाबलेला असताना मोजावा. गन अशक्त आहे अशी तक्रार करण्यापूर्वी एवढी परीक्षा अवश्य करावी.

त्यानंतर गोट्यांचा विचार. हातपान्याच्या चकचकीत, क्रोमचा मुलामा दिलेल्या गोट्या गनवर कधीही लावू नयेत. त्यांचे पोलाद कठीण असते, पण ठोके सोसण्यासाठी ते घडविलेले नसते. अशी गोटी फुटली म्हणजे तिचे तुकडे डोळ्यापर्यंत जातात. गनसाठी क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाच्या काळ्या, जाड, षट्कोनी गोट्या मिळतात. १७, १९ आणि २१ मिलिमीटरच्या तीन खोल गोट्यांवर मोटारींच्या चाकांचे बहुतेक काम भागते. गोटी नटावर सैल बसत असेल किंवा मध्ये लांब जोडदांडा असेल, तर ठोक्याचा बराच जोर वाटेत जिरतो, हेही ध्यानात ठेवावे.

येथवर नट सोडविण्याची गोष्ट झाली. नट आवळणे ही वेगळी, आणि माझ्या मते अधिक जबाबदारीची, गोष्ट आहे. आवळलेला बोल्ट म्हणजे एक ताणलेली स्प्रिंगच होय. तो किंचित लांबतो आणि पुन्हा आखडण्याच्या ओढीने चाक धरून ठेवतो. ताण कमी पडला तर नट हळूहळू सैल होतो. ताण मर्यादेबाहेर गेला तर बोल्ट कायमचा लांबतो, आटे खराब होतात आणि पुढे कधीतरी, कदाचित भर वेगात, तो तुटतो. असमान आवळणीने ब्रेकची तबकडीही वाकडी बसते. गनचे दुर्दैव असे, की आपण किती आवळले हे तिला कळत नाही. हवेचा दाब, गोटीची बैठक, आट्यांवरचे तेल किंवा गंज आणि खटका किती सेकंद दाबला, या सर्वांवर तिचा जोर बदलतो. एका मिनिटाच्या अंतराने आवळलेले दोन नटही सारखे निघतील, याची शाश्वती नसते. गनच्या मागे जोर कमी करणारी कळ असते, पण तिच्यावरचे आकडे मापाचे नव्हेत. ते केवळ पायऱ्यांचे आहेत.

यासाठी नियम साधा आहे. नट प्रथम हाताने आट्यांवर चढवावा. मग गनची कळ सर्वांत खालच्या पायरीवर ठेवून तो नुसता टेकवावा. नंतर समोरासमोरचे नट आळीपाळीने घेत, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्याइतके ते टॉर्क रेंचने आवळावेत. गिऱ्हाइकाला पन्नास-शंभर किलोमीटर गेल्यावर पुन्हा एकदा आवळणी तपासून घेण्यास सांगावे. या सगळ्यास एका चाकामागे दोन मिनिटे अधिक लागतात. जे गिऱ्हाईक घाई करते त्याला ही दोन मिनिटे कशासाठी आहेत ते समजावून सांगावे. ते पुन्हा त्याच दाराशी येईल.

कारागिराच्या शरीराचाही विचार केला पाहिजे. पोलादी-अ‍ॅल्युमिनियमच्या जुन्या घाटाची गन अडीच-तीन किलोची असते. संमिश्र प्लॅस्टिकच्या कवचाची दोन किलोंच्या आसपास भरते. दिवसातून शंभर वेळा ती उचलणाऱ्याला हा फरक संध्याकाळी खांद्यात जाणवतो. म्हणून दुकानात गन नळीसकट एका हाताने छातीच्या उंचीवर धरून पाहावी. बहुतेक गनांचा आवाज ९० डेसिबलच्या पुढे जातो. अशा आवाजाने गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही, आणि ती इतकी सावकाश जाते की तरुणपणी कळतही नाही. वर्षानुवर्षांच्या कंपनांनी बोटे पांढरी पडून बधिर होण्याचा विकारही जडतो. कानांतली बोंडे आणि डोळ्यांवरचा चष्मा यांस फार पैसे पडत नाहीत. ते दरपत्रकात पहिल्या ओळीत लिहावेत.

आता विजेरीवरच्या गना सर्वत्र मिळू लागल्या आहेत, मग हवेची गन कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. ज्याला बंद पडलेल्या गाड्यांकडे रस्त्यावर धावत जावे लागते, त्याला विजेरीचीच गन सोयीची आहे. परंतु एका जागी बसून धंदा करणाऱ्याला चाकांत हवा भरण्यासाठी कंप्रेसर हवाच असतो. हवेची गन तापत नाही, तिची विजेरी काही वर्षांनी बदलावी लागत नाही आणि आतली पाती झिजली तर थोड्या खर्चात नवी बसविता येतात. मात्र ती पाती आपल्या गावी किंवा जवळच्या शहरात मिळतात काय, याची चौकशी गन घेण्यापूर्वीच करावी. ज्या गनचे सुटे भाग मिळत नाहीत ती स्वस्तात मिळाली तरी महाग पडते.

निगा थोडीच, पण रोजची आहे. हवा दाबली की तिच्यातील दमटपणाचे पाणी होते. कोकणात, गोव्यात किंवा कोणत्याही किनारपट्टीवर, विशेषतः पावसाळ्यात, ते फार जमते. रोज संध्याकाळी टाकीच्या तळाची तोटी उघडून हे पाणी सोडून द्यावे आणि नळीच्या आरंभी पाणी अडविणारी गाळणी बसवावी. काम सुरू करण्यापूर्वी गनच्या हवेच्या तोंडात हवाई अवजारांसाठी मिळणाऱ्या पातळ तेलाचे चार थेंब टाकावेत. इंजिनाचे जाड तेल घालू नये, त्याने पाती चिकटतात.

तेव्हा नव्या मेकॅनिकने दरपत्रक करताना क्रम असा ठेवावा: पुरेशा टाकीचा कंप्रेसर, तीन सुती नळी व गाळणी, काळ्या गोट्या, टॉर्क रेंच, कानांचे व डोळ्यांचे संरक्षण, आणि या सर्वांतून जे उरेल त्यात बसणारी, सुटे भाग मिळणारी मध्यम जोराची अर्धा इंची गन. मोठ्या आकड्याची गन पुढे धंदा वाढल्यावर घेता येईल. गिऱ्हाइकाने चाक विश्वासाने आपल्या हवाली केलेले असते. ते शेवटी टॉर्क रेंच हातात धरूनच परत करावे.