रात्र गमावलेला सवाई

१९५२ साली गायक सवाई गंधर्व गेले आणि पुढच्याच वर्षी त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांनी पुण्यात गुरूंची पुण्यतिथी गाण्याने साजरी करायला सुरुवात केली. तोच सवाई गंधर्व महोत्सव, लोकांच्या तोंडी नुसता ‘सवाई’. गंगूबाई हनगल आणि फिरोज दस्तूर हे गुरुबंधू-भगिनीही त्या मंचावर गात राहिले. रेणुका स्वरूप प्रशाला, मग रमणबाग, २०१८पासून मुकुंदनगर: जागा बदलत गेल्या, मांडव वाढत गेला. २०११मध्ये भीमसेनजी गेल्यावर महोत्सवाच्या नावात त्यांचंही नाव आलं. करोनाच्या काळातला खंडही लोकांनी मागे टाकला. गर्दी आटलेली नाही.

माझ्या मते या सात दशकांतला सर्वांत मोठा बदल मात्र घड्याळाचा आहे. पूर्वी मैफल रात्रभर चालायची. डिसेंबरची थंडी, अंगावर शाल, कुणी सतरंजीवरच कलंडलेलं, मध्यरात्र उलटल्यावर दरबारी किंवा मालकंस, पहाटे ललत आणि उजाडल्यावर तोडी. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकावर निर्बंध आले आणि हे सगळं मोडलं. वर्षातल्या मोजक्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत मुभा मिळू शकते, पण पहाट गेली ती गेलीच. नियम चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. शेजारच्या इमारतीतल्या आजाऱ्याला झोप हवीच.

रात्रीऐवजी दुपारी सुरू होणाऱ्या सत्रांनी एक चांगली गोष्ट केली. मुलतानी, पटदीप, मारवा, श्री हे राग त्यांच्या वेळेला ऐकायला मिळू लागले. रात्रीच्या मैफलीत त्यांना जागाच नव्हती. तरुण कलाकारांनाही हजारोंसमोर गाता येऊ लागलं.

पण वेळ आखून दिली की गाण्याची ठेवणही बदलते. तंबोरे जुळतात, षड्ज लागतो, विलंबित ख्याल जरा कुठे उलगडायला लागतो, तोच द्रुताकडे वळावं लागतं, कारण पुढे अभंग राहिलेला असतो आणि पडद्यामागे पुढचा कलाकार तयार असतो. नुसत्या आलापावर श्रोत्यांना धरून ठेवणं ही या मंचाची खरी मिरास. ती अशी पातळ होताना पाहून जीव तुटतो.

बंदिस्त सभागृहाला हा रात्रीचा निर्बंध लागू नाही. मग मुख्य महोत्सवाला जोडून सभागृहात एक रात्र का ठेवू नये? माणसं कमी मावतील, मान्य. तिकिटांसाठी झुंबड उडेल. तरी दोनच कलाकार ठेवावेत, मध्ये चहा, आणि ललत पहाटेच व्हावा.